शब्दचर्चा : गाडीचे 'मॉडेल', 'प्रतिमान' की 'प्रतिकृती'? आणि १:२४ कसे वाचावे?

प्रश्न

माझ्या भाच्याने प्रीमियर पद्मिनीची, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेलेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची, १:२४ या मापाची छोटी गाडी घरी तयार केली आहे. मिळाली ती साधी पांढरी धातूची गाडी होती. त्याने ती स्क्रू काढून सुटी केली, मूळ रंग उतरवला, अंग काळे व छत पिवळे केले, वर सामानाची जाळी बसवली आणि डाव्या बाजूला पुढे बाहेरून असायचा तो मीटरही प्लास्टिकच्या तुकड्यातून कोरला. तो तांदळाच्या दाण्याहून जरासाच मोठा आहे. आमच्या सोसायटीच्या छंद-प्रदर्शनात ही गाडी ठेवायची असून शेजारचा फलक मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि मी पहिल्याच ओळीला अडलो आहे. 'गाडीचे मॉडेल' असे लिहिले तर शेजारच्या आजोबांनी लगेच विचारले, "कुठल्या सालचे?" कोशात पाहिले तर 'प्रतिमान', 'प्रतिकृती', 'नमुना' असे शब्द मिळतात. शिवाय 'स्केल', 'डायकास्ट', 'कस्टमाइझ', 'प्रायमर', 'डिकॅल' यांचे काय करावे? नवे शब्द पाडण्याची हौस नाही. लोकांच्या तोंडी असलेले शब्द हवे आहेत.

प्रतिसाद १

आजोबांचा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण मराठीत गाडीच्या संदर्भात 'मॉडेल' या शब्दाचा अर्थ केव्हाच ठरून गेला आहे आणि तो 'छोटी गाडी' असा नाही. "शहाऐंशीचे मॉडेल आहे, पण इंजिन ठणठणीत आहे" हे वाक्य ऐकणाऱ्याला गाडीचे साल कळते, आणि "यातले वरचे मॉडेल घ्या" असे दुकानदार म्हणतो तेव्हा गाडीचा प्रकार कळतो. म्हणून 'मी गाड्यांची मॉडेल्स जमवतो' असे कोणी सांगितले, तर त्याच्याकडे वाड्याएवढे गॅरेज असावे अशी समजूत होण्याची भीती आहे. विमानाचे किंवा जहाजाचे 'मॉडेल' म्हटले की असा घोटाळा होत नाही. तो गाडीच्याच वाट्याला आला आहे, कारण विमान कुठल्या सालचे आहे हे आपण कोणी विचारत नाही.

'प्रतिमान' मात्र फलकावर लिहू नये. अर्थशास्त्रात, हवामानशास्त्रात आणि पाठ्यपुस्तकांत हा शब्द विचारांच्या चौकटीसाठी किंवा गणिती मांडणीसाठी रुळला आहे, त्यामुळे 'टॅक्सीचे प्रतिमान' वाचल्यावर भाड्याचे गणित मांडले असावे असे वाटेल. 'नमुना' या शब्दाला दोन अडचणी आहेत. एक म्हणजे 'नमुना' पुढे होणाऱ्या वस्तूचा असतो: कापडाचा नमुना, अर्जाचा नमुना. तुमच्या भाच्याची गाडी आधीच होऊन गेलेल्या वस्तूवरून केलेली आहे. दुसरी अडचण अशी की माणसाला 'नमुना' म्हटले की काय होते, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

राहते 'प्रतिकृती', आणि माझे मत तिच्याच बाजूने आहे. रायगडाची प्रतिकृती, राजवाड्याची प्रतिकृती हे शब्दप्रयोग वर्तमानपत्रांनी घरोघरी पोहोचवले आहेत. दिवाळीत अंगणात किल्ला करणारी मुले 'प्रतिकृती' म्हणत नाहीत, ती 'किल्ला केला' असेच म्हणतात. तसेच घरात 'गाडी केली' पुरते. फलकावर मात्र 'प्रतिकृती' हवी. अनेकवचनही 'प्रतिकृती'च होते, 'प्रतिकृत्या' नव्हे. करणाऱ्याला काही म्हणायचेच असेल तर 'प्रतिकृतिकार' म्हणावे. समासाच्या पहिल्या पदात तत्सम शब्दाची 'ति' ऱ्हस्व राहते, ती दीर्घ लिहू नये.

एक शंका उरते. प्रतिकृती मूळ वस्तूएवढीही असू शकते. मग 'लघुप्रतिकृती' लिहावे काय? मला तशी गरज वाटत नाही, कारण पुढे १:२४ हे प्रमाण येणारच आहे. 'प्रमाणबद्ध प्रतिकृती' लिहिण्याचा मोह मात्र आवरावा. 'प्रमाणबद्ध' म्हणजे ज्याचे अवयव एकमेकांना शोभतात ते, म्हणजे सुडौल. हा शब्द बांध्याला वापरतात. 'प्रमाणित प्रतिकृती' तर त्याहून घातक आहे, कारण तिच्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही शोधली जाईल.

'स्केल'साठी 'प्रमाण' हा शब्द भूगोलाच्या पुस्तकाने आपल्याला शाळेतच दिलेला आहे: नकाशाचे शब्दप्रमाण, अंकप्रमाण, रेषाप्रमाण. आणि १:२४ हे आपण 'एकास चोवीस' असे वाचतो. गवंडी 'एकास सहाचा माल' कालवतो, तेव्हा तो नेमके हेच व्याकरण वापरत असतो. तेव्हा 'एकास चोवीस प्रमाणाची प्रतिकृती' ही रचना पूर्णपणे घरची आहे. तिच्यात नवे काहीही नाही. पद्मिनी सुमारे ३.९ मीटर लांब होती, म्हणजे एकास चोवीस प्रमाणात ती साधारण १६ सेंटीमीटर होईल, एकास त्रेचाळीसमध्ये ९ आणि एकास चौसष्टमध्ये ६.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. एकास चौसष्ट हे 'मोठे प्रमाण' की 'लहान'? आकडा मोठा दिसतो, पण गाडी लहान असते. नकाशांच्या बाबतीत हा प्रश्न 'बृहत्प्रमाण' आणि 'लघुप्रमाण' या शब्दांनी सोडवलेला आहे: गावाचा नकाशा बृहत्प्रमाण, जगाचा लघुप्रमाण. त्याच न्यायाने एकास अठरा हे मोठे प्रमाण आणि एकास चौसष्ट हे लहान. बोलताना तोल जाण्याचा संभव आहे, म्हणून मी स्वतः 'मोठ्या मापाची', 'छोट्या मापाची' असे म्हणून सुटका करून घेतो.

चोवीस, त्रेचाळीस हे आकडे कुठून आले, असे प्रदर्शनात कोणीतरी विचारीलच. चोवीसचे उत्तर आपल्या सुतारांच्या भाषेत फार सुंदर देता येते. फुटाचे इंच बारा. अर्ध्या इंचाला एक फूट धरला की प्रमाण एकास चोवीस होते. सुताराचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून एकास चोवीस म्हणजे चार सुतांना एक फूट, आणि एकास अठ्ठेचाळीस म्हणजे दोन सुतांना एक फूट. त्रेचाळीसची गोष्ट वेगळी आहे. ब्रिटनमध्ये 'ओ' गेजच्या, म्हणजे रुळांच्या एका ठरावीक रुंदीच्या, खेळण्यातील रेल्वेसाठी फुटाला ७ मिलिमीटर असे माप धरले जात असे, ते एकास साडेत्रेचाळीसच्या आसपास येते. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून 'डिंकी टॉइज' या नावाने विकलेल्या मोटारी याच रेल्वेशेजारी उभ्या करण्याच्या कल्पनेतून जन्मल्या आणि रेल्वे मागे पडली तरी माप टिकले.

'खेळण्यातली गाडी' आणि 'प्रतिकृती' यांतील सीमारेषाही प्रमाणावरच उभी आहे. १९५३ पासूनच्या मॅचबॉक्सच्या गाड्या काय किंवा १९६८ पासूनच्या हॉट व्हील्सच्या काय, त्यांत बस आणि छोटी मोटार जवळपास एकाच लांबीच्या असू शकतात, कारण तिथे माप खोक्यावरून ठरते, मूळ गाडीवरून नव्हे. त्यात कमीपणा काहीच नाही, माझ्या कपाटात अशा कितीतरी आहेत. परंतु त्यांना 'एकास चौसष्टची प्रतिकृती' सरसकट म्हणणे अचूक होणार नाही.

आता 'कस्टमाइझ'. संगणकाच्या मराठीत 'सानुकूलन' आले आहे, ते तिथेच राहू द्यावे. सेटिंग सानुकूल होते, मडगार्ड होत नाही. 'फेरफार' म्हटले की तलाठ्याचा फेरफार आठवतो, आणि 'फेरफार केलेली प्रतिकृती' म्हणजे काहीतरी लबाडी असा वास येतो. गॅरेजमध्ये 'गाडी मॉडिफाय केली' म्हणतात आणि ते सगळ्यांना कळते. मला विचाराल तर इथे नाम शोधण्याचा हट्टच सोडावा आणि क्रियापद वापरावे: 'साध्या गाडीचे रूप पालटून टॅक्सी केली.' मराठीची ताकद क्रियापदात आहे, आणि अशा जागी ती विसरून आपण '-करण' जोडत बसतो.

रंगकामाला तर एकही उसना शब्द लागत नाही. रंगारी 'प्रायमर'ला 'अस्तर' म्हणतो. फटी बुजवायला तो 'लांबी' भरतो, पॉलिशपेपरने घासतो, आणि मग रंगाचे 'हात' देतो. 'हात' हा शब्द या छंदात विशेष मोलाचा आहे, कारण इथे सगळे कौशल्य हात पातळ ठेवण्यात आहे. खऱ्या मोटारीवरील रंगाचे सगळे थर मिळून साधारण दशांश मिलिमीटर भरतात. तेवढाच जाड रंग एकास चोवीसच्या गाडीवर चढला, तर तो मूळ गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटरचा थर दिल्यासारखा होतो, आणि दाराच्या फटी, अक्षरे, किनारी सगळे बुजून जाते. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्यावेत, असे सांगितले की कोणत्याही मराठी माणसाला कळते. रंग जास्त झाला तर 'ओघळ' येतात, आणि फवारा लांबून मारल्याने थेंब वाटेतच सुकले तर रंग 'रवाळ' बसतो.

जोडकामाबद्दल एकच सुचवतो. भाग चिकटवणे ही 'जोडणी' आणि ते एकमेकांशी बरोबर बसतात की नाही हे पाहणे ही 'जुळणी'. आधी गोंद न लावता सगळे भाग बसवून पाहतात, त्याला मी 'कोरी जुळणी' म्हणतो. हा शब्द माझा आहे, तो खपला नाही तरी माझी तक्रार नाही.

प्रतिसाद २

'डायकास्ट'बद्दल थोडे. मी कोल्हापूर भागात फाउंड्रीत बरीच वर्षे काम केले आहे. त्यासाठी 'ओतीव' हा शब्द सहज सुचतो. तो योग्य आहे, पण अपुरा आहे. आमच्याकडे वाळूचा साचा प्रत्येक ओतकामानंतर मोडतो आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचे तर तसाच साचा लागतो. डाय हाही साचाच, पण ती पोलादाची असते. ती मोडत नाही, पुन्हा पुन्हा वापरली जाते, आणि वितळलेला धातू तिच्यात दाबाने भरला जातो. छोट्या गाड्यांसाठी जस्ताचा मिश्रधातू वापरतात. शुद्ध जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते, लोखंडाला १,५०० च्या वर जावे लागते. म्हणूनच पोलादी डायला जस्ताचा त्रास होत नाही. कारखान्यात 'डाय' शब्दाला दुसरा शब्द कोणी वापरत नाही. तेव्हा 'डायकास्ट' तसाच ठेवावा, किंवा 'जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव गाडी' असे लिहावे. नुसते 'ओतीव' लिहिल्यास लोक बिडाची समजतील आणि उचलायला दोन हात पुढे करतील.

प्रतिसाद ३

आमच्या घरी गणपतीच्या मूर्तींचे रंगकाम चालते, म्हणून एक भर घालतो. गाडीच्या दारांच्या फटींत, दिव्यांच्या कडांना आणि काचांच्या रबरी पट्ट्यांवर जी बारीक रेघ काढतात, तिला आमच्याकडचा 'आखणी' हा शब्द चपखल बसेल. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी आणि सर्वांत सरावलेल्या हाताने होते. आखणी होईपर्यंत ती माती असते. गाडीचेही तसेच दिसते: दिव्यांना कड मिळाली की ती एकदम पाहू लागते.

'डिकॅल'ला मात्र आमच्याकडे शब्द नाही. पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे ते चित्र स्टिकरपेक्षा वेगळे असते, त्यामुळे 'स्टिकर' म्हणणे चूक ठरेल. शिलाई मशीनवरील सोनेरी वेलबुट्टी याच जातीची होती.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

'आखणी' मनापासून मान्य. मी इतकी वर्षे 'रेघा मारणे' म्हणत होतो, आणि त्या तशाच दिसतही होत्या. 'डिकॅल' हा मूळ फ्रेंच क्रियापदावरून आलेला शब्द इंग्रजीनेही उसनाच घेतलेला आहे, तेव्हा आपण तो ठेवण्यात संकोच नको. फलकावर समजावून सांगायचे झाल्यास 'पाण्याने उतरवलेला छाप' असे लिहिता येईल.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. 'डायकास्ट' वगळून 'ओतीव' घेतले आहे, मात्र धातूचे नाव देऊन. फलक असा झाला:

'प्रीमियर पद्मिनी टॅक्सी, मुंबई. एकास चोवीस प्रमाणाची प्रतिकृती. जस्ताच्या मिश्रधातूच्या साध्या ओतीव गाडीचे रूप पालटून तयार केली. अस्तराचा एक हात, काळ्या रंगाचे तीन, पिवळ्याचे चार. क्रमांकाची पाटी पाण्याने उतरवलेला छाप. आखणी हाताने. मीटर चालू नाही.'

शेवटचे वाक्य भाच्याचे आहे. ते काढावे असे मी सुचवले होते, त्याने ऐकले नाही.