शब्दचर्चा : ‘गुलाममुक्ती’ या एकाच शब्दावर भागेल का?

प्रश्न : अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या इतिहासावरील लेखाचा अनुवाद करताना ‘मॅन्युमिशन’ आणि ‘इमॅन्सिपेशन’ हे दोन शब्द सतत येत आहेत. मी दोहोंसाठी ‘गुलाममुक्ती’ योजला आहे. तो चालावा का?

उत्तर १ : माझ्या मते चालू नये. मालकाने आपल्या ताब्यातील माणसावरचा हक्क स्वतः लेखी सोडणे म्हणजे मॅन्युमिशन, आणि सरकारने कायद्याने सरसकट सर्वांना मुक्त करणे म्हणजे आज रूढ असलेल्या अर्थाने इमॅन्सिपेशन. मात्र अठराव्या शतकातील कागदपत्रांत ‘इमॅन्सिपेट’ हे क्रियापद एकट्या मालकाच्या कृतीसाठीही आढळते, तेव्हा मुक्त करणारा कोण आहे हे पाहूनच मराठी शब्द ठरवावा लागेल.

हा भेद पुसला, तर मूळ वादच कळत नाही. ‘त्या काळचा कायदाच गुलामांना सोडू देत नव्हता’ असा बचाव व्हर्जिनियातील थोर पुरुषांच्या बाजूने अनेकदा केला जातो. 1723च्या कायद्यापुरता तो खरा आहे, कारण त्यानुसार गव्हर्नर आणि त्याच्या मंडळाच्या संमतीवाचून कोणाला सोडता येत नसे. परंतु 1782च्या कायद्याने मृत्युपत्राने किंवा साक्षीदारांसमोर केलेल्या दस्ताने गुलाम मुक्त करण्याची मुभा मालकांना दिली. व्हर्जिनियातील धनाढ्य जमीनदार रॉबर्ट कार्टर यांनी 1791 साली तिचाच आधार घेऊन साडेचारशेहून अधिक माणसांच्या सुटकेचा दस्त नोंदवला. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष जेफरसन यांनीही हयातीत दोघांना आणि मृत्युपत्राने पाच जणांना मुक्त केले. म्हणजे वाट त्यांना ठाऊक होती. त्यांच्या मागे राहिलेल्या कर्जापायी 1827च्या जानेवारीत माँटिसेलो या त्यांच्या मळ्यावर माणसांचा लिलाव झाला, हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

कायद्याची अडचण मुळीच नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या 123 जणांच्या मुक्ततेची तरतूद केली, पण पत्नीच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतून आलेल्या 153 जणांना सोडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. पुढे 1806च्या कायद्याने मुक्त झालेल्याने बारा महिन्यांत राज्य सोडावे असे ठरवले, आणि ज्याची बायकामुले अजून दास्यात होती त्याला स्वातंत्र्य आणि संसार यांतून एकाची निवड करावी लागली.

मालकाच्या कृतीसाठी मी ‘दास्यमोचन’ सुचवतो. नारदस्मृतीत दासाला सोडण्याचा विधी आहे : स्वामी त्याच्या खांद्यावरचा पाण्याचा घडा घेऊन फोडतो, मस्तकावर अक्षता आणि फुले टाकतो व ‘अदास’ असे तीनदा उच्चारतो. मोचन करणारा स्वामीच, ही अर्थच्छटा आपल्या परंपरेला परकी नाही.

उत्तर २ : दस्तासाठी ‘फारखत’ कसा वाटतो? हक्क सोडल्याचा लेख हा त्याचा जुना अर्थ येथे नेमका बसतो.

उत्तर १ : अर्थ बसतो, हे मान्य. तथापि आजच्या वाचकाला त्यातून आधी काडीमोडच आठवेल, म्हणून दस्ताला ‘मुक्तिपत्र’ म्हणावे. ‘गुलाममुक्ती’ हा शब्द अमेरिकेत गुलामगिरी रद्द करणाऱ्या 1865च्या तेराव्या घटनादुरुस्तीसारख्या सार्वत्रिक कायद्यांसाठी राखून ठेवावा.