गोष्ट, कथा की कहाणी?

तारसेम सिंगच्या 'द फॉल' (2006) या चित्रपटाबद्दल चार ओळी लिहायला बसलो आणि दुसऱ्याच वाक्यात अडलो. शंभर वर्षांपूर्वीचं लॉस एंजेलिसमधलं रुग्णालय. शूटिंगमध्ये पडून पाय लुळे पडलेला स्टंटमन रॉय, आणि संत्री तोडताना पडून हात मोडलेली छोटी अलेक्झांड्रिया. तो तिला रोज जे सांगतो, त्याला काय म्हणावं? 'कथा' फार छापील वाटते. 'कहाणी' म्हटलं की साठा उत्तरांची आठवते. तुम्हीच सुचवा.

— 'गोष्ट'च. संस्कृत 'गोष्ठी' म्हणजे चार जणांचं एकत्र बसून बोलणं, त्यावरून हा शब्द आला. (गोठाही याच कुळातला!) म्हणजे समोर ऐकणारा हवाच. कथा एकट्यानं लिहिता येते. इथे तर ऐकणारी अर्धी गोष्ट स्वतःच घडवते. रॉय 'इंडियन' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात अमेरिकेतला आदिवासी असतो. मुलीला दिसतो तो फेटेवाला भारतीय, आणि पडद्यावर येतो तिचाच.

— शिवाय 'मला गोष्टी सांगू नकोस' हा अर्थ आहेच. रॉयला मरायचंय आणि मुलीकडून मॉर्फिन चोरून आणवायचंय, म्हणून तर तो गोष्ट लांबवतो. ती औषधाच्या नावातलं शेवटचं इंग्रजी 'ई' तीनचा आकडा समजते आणि मोजून तीनच गोळ्या आणते. तो दोन्ही अर्थांनी गोष्टी सांगतोय.

पटलं. आता 'नेत्रदीपक'ला पर्याय सुचवा. वीसहून जास्त देशांत चित्रीकरण झालंय, पण तो शब्द पार झिजलाय.

— 'डोळ्यांचं पारणं फिटलं' म्हणा. तोही घासलेला, पण इथे शब्दशः बसतो. पारणं म्हणजे उपास सोडणं, त्यासाठी आधी उपास घडावा लागतो. रुग्णालयातल्या त्या फिक्या भिंती हा उपास. मग एकदम जोधपूरची निळी घरं येतात, आभानेरीच्या चांद बावडी या विहिरीच्या पायऱ्या येतात. निव्वळ 'सुंदर दृश्यं' म्हणायला हा शब्द वापरतात ते मला खटकतं.

आणि शेवटाकडे 'आशा' लिहू की 'उमेद'?

— दोन्ही लिहा, पण जागा बदलू नका. आशा लावतात, उमेद देतात. उद्या पुढचा भाग सांगेन, अशी आशा रॉय तिला लावतो. गोष्टीतला नायक मरू नये म्हणून ती रडून हट्ट धरते, आणि त्यातून त्याला उमेद मिळते.

झकास. राहिलं शीर्षक. 'पतन' म्हटलं तर चारित्र्याचा संशय येतो.

— मग 'पडणं'?

'पडलेला चित्रपट' म्हणून कुणी बघणार नाही. 'द फॉल'च ठेवतो.