नाताळच्या गोठ्यात हेरोदाचं काय काम?

उत्तनची पोर (धागाकर्ती)
आमच्याकडच्या गोठ्यात मेंढपाळ, उंट, तीन राजे, गवतावर बाळ असं सगळं असतं. त्या बाळाच्या जिवावर उठलेला राजा हेरोद नसतो. मत्तयच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूचरित्रात) मात्र मागी लोक, म्हणजे तेच तीन राजे, माघारी फिरतात न फिरतात तोच योसेफाला स्वप्न पडतं आणि तो रातोरात मरिया अन् बाळाला घेऊन इजिप्तची वाट धरतो. मागे बेथलेहेमात हेरोदाच्या हुकमाने दोन वर्षांपर्यंतचे मुलगे कापले जातात. 28 डिसेंबरला चर्चमध्ये त्या बाळांचा स्मरणदिन असतो, पण तेव्हा आपण फराळाची ताटं फिरवण्यात दंग.

2019 साली कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँटच्या एका मेथडिस्ट चर्चने मरिया, योसेफ आणि बाळ यांना तीन वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवलं, वर काटेरी तार. अमेरिकेच्या सीमेवर आईबापांपासून तोडलेल्या मुलांसाठी. 2023 मध्ये खुद्द बेथलेहेमच्या लुथरन चर्चमध्ये बाळ सिमेंटच्या ढिगाऱ्यात निजवलं, अंगाभोवती काफिया, म्हणजे पॅलेस्टिनी रुमाल. दोन्ही वेळा ओरड झाली की गोठ्यात राजकारण आणलं. माझ्या मते ते मत्तयनेच आणलंय. बोला.

खडूस मास्तर
असहमत. आधी घटना घडली का ते बघा. इतिहासकार जोसेफसने हेरोदाची पापं पानंच्या पानं लिहिलीत. बायको मारली, तीन मुलगे मारले, सगळं नावानिशी. बेथलेहेमच्या बाळांबद्दल अवाक्षर नाही. लूकच्या शुभवर्तमानात तर हे कुटुंब यरुशलेमच्या मंदिरातले विधी उरकून सरळ नासरेथला घरी जातं. इजिप्तचं नावच नाही. मत्तयला येशू हा नवा मोशे म्हणून दाखवायचाय. मोशे म्हणजे ज्यूंना इजिप्तच्या गुलामीतून सोडवणारा नेता. इजिप्तच्या फारोने, म्हणजे राजाने, इब्री (ज्यू) मुलगे मारले, म्हणून इथे हेरोद. ‘तुझ्या जिवावर उठलेले मेले, परत जा’ हा निरोप मोशेला मिळतो, तसाच योसेफाला. रचना सुरेख आहे, पण तिच्यावर आजच्या सीमाधोरणाचा बोर्ड कशाला टांगायचा?

चहाबिस्कूट
कंसाचीच गोष्ट की ही!

उत्तनची पोर
@चहाबिस्कूट, थोडी. पण वसुदेव बाळाला गोकुळात ठेवून पुन्हा बंदिवासात येतो. इथे आईबाप दोघंही बाळाबरोबर परागंदा होतात.

@मास्तर, बेथलेहेम तेव्हा खेडं होतं. त्या वयाचे मुलगे असून असून किती असणार? पोटची पोरं मारणाऱ्याच्या खात्यात खेड्यातली ही बाळं कोण मांडून ठेवणार? मोशेचं मान्य, आणि तिथेच तर खरी गंमत आहे. मोशे ज्या देशातून जीव मुठीत धरून निघाला, तोच देश या बाळाला आसरा देतो. हा फिरवलेला डाव बघा ना.

नाईलकाठी
काही वर्षं कैरोत नोकरीला होतो म्हणून मध्ये पडतो. तिथल्या कॉप्टिक लोकांसाठी, म्हणजे इजिप्तच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांसाठी, ही पळापळीची गोष्ट नाहीच. त्यांचा सण 1 जूनला असतो आणि तो आनंदाचा. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं ‘माझी प्रजा मिसर (इजिप्त) आशीर्वादित असो’ हे वचन चर्चमध्ये दिसतं. जुन्या कैरोतल्या अबू सर्गा चर्चमध्ये वेदीखाली तळघर आहे, कुटुंब तिथे राहिलं म्हणतात. पूर्वी नाईलला पूर आला की त्यात पाणी भरायचं. कैरोतल्याच मतारियाला मरियेचं झाड दाखवतात. चित्रांत मरिया गाढवावर, योसेफाच्या खांद्यावर बाळ, मागे पिरॅमिड. ‘आमच्याकडे आले होते’ याचा अभिमान. निर्वासितांचा पिंजरा त्यांना कदाचित रुचणारही नाही.

खडूस मास्तर
घ्या! हेरोदापासून लपायला पार असियूतपर्यंत दक्षिणेला कशाला जावं लागतं? तिथल्या मुहर्रक मठात म्हणे सहा महिन्यांहून जास्त मुक्काम. प्रत्येक गावाला आपापलं पाऊल हवं असतं. त्यावर आता सरकारी पर्यटन चालतं, 2022 मध्ये या सणांना युनेस्कोच्या यादीतही जागा मिळाली. आणि इजिप्त इ.स.पू. 30 पासून रोमचाच, हेरोदही रोमचाच मांडलिक. अलेक्झांड्रियात ज्यू समाज भरपूर. म्हणजे एकाच साम्राज्यात नातलगांकडे जाण्यासारखं.

उत्तनची पोर
मास्तर, हेरोदाचा हुकूम तिथे चालत नव्हता. पळणाऱ्याला तेवढंच पुरतं. परतीचंही वाचा. हेरोद मेला तरी यहुदियात, म्हणजे बेथलेहेमच्या प्रांतात, त्याचा मुलगा अर्खेलाउस गादीवर. त्याने ज्यूंच्या वल्हांडणाच्या सणात सुमारे 3000 माणसं मारली, हे तुमच्याच जोसेफसने लिहिलंय. योसेफ तिकडे जायला घाबरला आणि उत्तरेला गालीलात, नासरेथकडे, वळला. राजा बदलला, भीती तीच. आणि हा डाव्यांचा शोध नव्हे बरं का. पोप बारावे पायस यांनी 1952 सालीच या कुटुंबाला सगळ्या निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हटलंय.

गोठेवाला
आमच्या आळीचा गोठा मी बांधतो. भाताचं बी भिजवून आधीच पेरतो, नाताळपर्यंत हिरवं रान होतं. पोरं रात्री जागून कागदाचे डोंगर रंगवतात. त्यांना पिंजरा करायला सांगू? 25 ला जन्म होऊ द्या. फार तर 28 ला तिघांना गोठ्यातून उचलून वाटेवर ठेवा, आणि गोठा रिकामा.

खडूस मास्तर
याला माझी हरकत नाही.

भाडेकरू
माझी आहे. याच आळ्यांमधून ‘बाहेरच्यांना खोली देत नाही’ हे ऐकत फिरलोय. 28 ला मूर्ती वाटेवर काढाल, 29 ला खोलीचं विचारायला आलो तर?

गोठेवाला
मी खोल्या देत नाही, फक्त गोठा बांधतो. पण तुमचा प्रश्न आळीच्या बैठकीत मांडतो. शिव्या खाव्या लागतील.