हिपॅटायटिस बी ला एचआयव्हीची गोळी का?

मधुरा_इचल

नमस्कार. थोडं लांबतंय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमच्या दादाने मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, "एकदा येऊन भेटून जा." तिथे कळलं, एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बीच्या विषाणूची खूण सापडली. मग पोटविकारतज्ज्ञ, एसजीपीटी आणि फायब्रोस्कॅन या यकृताच्या तपासण्या, व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, सगळं झालं आणि टेनोफोव्हिर ३०० ची रोज एक गोळी सुरू झाली. इथवर ठीक. पण औषधाच्या दुकानातल्या पोराने चिठ्ठी बघून हळूच विचारलं, "ही एड्सची गोळी ना?" वहिनी शेजारीच उभी. तेव्हापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. आईने दादाचं ताट-वाटी वेगळं काढलंय.

मी बीएस्सी झालेय म्हणून शोधाशोध माझ्या गळ्यात आली. गोळीच्या कागदावर लिहिलंय, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज रोखणारं औषध. ते एन्झाइम आरएनएवरून डीएनए बनवतं, एवढं मला आठवतंय. पण हिपॅटायटिस बीचा विषाणू मुळात डीएनएचाच! त्याला हा द्राविडी प्राणायाम कशाला? की डॉक्टर आमच्यापासून काही लपवतायत?

रक्तपेढीतला काका

ताई, आधी घरातलं बघू, विज्ञान पळून जात नाही.

दान केलेली प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासतात. एचआयव्हीची शंका असती तर रक्तपेढीने दादाला पक्क्या तपासणीसाठी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात, धाडलं असतं. शिवाय टेनोफोव्हिर सुरू करण्याआधी एचआयव्ही तपासायचाच असा दंडक आहे, कारण एचआयव्ही असलेल्या माणसाला हे एकटं औषध दिलं तर विषाणू त्याला सरावतो. दादाच्या फाइलीत तो रिपोर्ट असणार. काढ आणि वहिनीच्या हातात दे. आणखी एक खूण सांगतो. एचआयव्हीला आपल्याकडे टीएलडी देतात, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्रॅव्हिर एकाच गोळीत. दादाच्या चिठ्ठीवर नुसतं टेनोफोव्हिर आहे.

ताट वेगळं करून काही साधत नाही. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो, जेवणातून नाही. वेगळं करायचंच असेल तर दाढीचं ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर करा. वाळलेल्या रक्ताच्या डागात हा पठ्ठ्या सात दिवस जिवंत राहतो.

आता तुझा प्रश्न. प्रश्न फक्कड आहे. माझी सगळी नोकरी एलायझा या रक्ततपासणीच्या प्लेटा धुण्यात गेली, पण हे मलासुद्धा एका बाहेरून आलेल्या प्राध्यापकांनी चहा पिता पिता समजावलं तेव्हाच डोक्यात शिरलं.

या विषाणूच्या कवचात जेमतेम ३,२०० अक्षरांचा गोल डीएनए असतो आणि त्याची एक पट्टी अर्धवटच लिहिलेली असते. तो यकृताच्या पेशीत शिरला की केंद्रकात जातो. तिथे आपल्याच पेशीची दुरुस्ती करणारी यंत्रणा ती अर्धी पट्टी पुरी करते आणि एक बंद कडं तयार होतं. त्याला सीसीसीडीएनए म्हणतात. ते कडं वाचून आपलीच पेशी एक लांबलचक आरएनए काढते, साधारण ३,५०० अक्षरांचा. खरी गंमत पुढे आहे. हा आरएनए विषाणूच्या एन्झाइमसकट नव्या कवचात भरला जातो आणि कवचाच्या आत, केंद्रकाबाहेर, आरएनएवरून पुन्हा डीएनए लिहिला जातो. दुसरी पट्टी पुरी व्हायच्या आतच काम थांबतं. म्हणून ती अर्धवट!

१९८२ मध्ये फिलाडेल्फियात समर्स आणि मेसन यांनी हे बदकांच्या हिपॅटायटिस विषाणूवर दाखवून दिलं. आरएनएवरून डीएनए लिहिणारं हे एन्झाइम, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, त्याआधीच माहीत झालं होतं. १९७० साली टेमिन आणि बाल्टिमोर यांनी ते वेगवेगळं शोधलं, एकाने कोंबड्यांच्या तर दुसऱ्याने उंदरांच्या विषाणूत. आरएनएवरून डीएनए बनतो हे टेमिन कितीतरी वर्षं सांगत होता आणि लोक त्याला हसत होते. १९७५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

एचआयव्हीत क्रम वेगळा. कवचात आरएनए, पेशीत शिरल्यावर त्याचा डीएनए होतो आणि तो आपल्या गुणसूत्रातच घुसवला जातो. घुसवायला इंटिग्रेज नावाचं वेगळं एन्झाइम लागतं. हिपॅटायटिस बीकडे ते नाही, म्हणून इंटिग्रेज रोखणाऱ्या डोल्युटेग्रॅव्हिरचा त्याच्यावर काडीचाही उपयोग नाही. पण आरएनएवरून डीएनए लिहिणारं एन्झाइम दोघांकडे आहे आणि टेनोफोव्हिर तिथेच पाचर मारतं. मागचं कपलिंग नसलेला डबा मालगाडीला जोडला तर पुढचा डबा लागेल कशाला? टेनोफोव्हिर हा तसला डबा. डीएनएच्या साखळीत अ‍ॅडेनिनच्या जागी बसतं आणि साखळी तिथेच खुंटते. अमेरिकेत त्याला २००१ मध्ये एचआयव्हीसाठी परवानगी मिळाली, २००८ मध्ये हिपॅटायटिस बीसाठी. लॅमिव्हुडिनचंही तसंच झालं. दुकानातला पोरगा फक्त आधीचं शिकलाय.

गोळीवाला_नाशिक

काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी स्वतः हीच गोळी घेतो, म्हणून थोडं व्यवहाराचं. डबीत सिलिका जेलची पुडी असते, ती फेकू नका आणि गोळ्या दुसऱ्या डबीत काढू नका, ओल लागते. पाहुण्यारावळ्यांनी नाव वाचू नये म्हणून मी लेबल खरवडून टाकलंय, डबी मात्र तीच. आणि दारू बंद. यावर चर्चा नाही.

कपाशीवाला

विषयाला थोडा फाटा फोडतो. या पद्धतीने वाढणारे विषाणू झाडांतही आहेत. फ्लॉवर-कोबीवर येणारा कॉलीफ्लॉवर मोझॅक त्यातलाच. डीएनएचा विषाणू, पण मध्ये लांब आरएनए काढतो आणि त्यावरून परत डीएनए. तो आरएनए म्हणजे ३५-एस, आणि तो चालू करणारा डीएनएचा तुकडा जनुक-अभियांत्रिकीत सर्रास वापरतात. २००२ साली आपल्याकडे आलेल्या पहिल्या बीटी कपाशीतलं जनुक त्याच तुकड्यावर चालतं. आमच्या यवतमाळात ज्या बियाण्यावरून एवढं रामायण झालं, त्यातल्या या बटणाबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नाही.

मधुरा_इचल

काका, फाइलीत एचआयव्ही निगेटिव्हचा रिपोर्ट मिळाला! वहिनीला दाखवला. ती काही बोलली नाही, पण रात्री ताटं एकत्र वाढली. आता दादा विचारतोय, व्हायरल लोड शून्य आला की गोळी बंद ना?

रक्तपेढीतला काका

नाही! स्वतःच्या मनाने तर अजिबात नाही. गोळी कवचातली लिखापढी थांबवते. केंद्रकातलं कडं आहे तिथेच बसून राहतं आणि त्याला हात लावणारं औषध आज बाजारात नाही. गोळी सोडली की त्या कड्यावरून पुन्हा आरएनए निघतो आणि विषाणू उसळी मारतो. कधी कधी यकृत निकामी होईपर्यंत जातं. थांबवायची की नाही ते डॉक्टरच ठरवतील, बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, सांगतील तेव्हा करायची. मूत्रपिंडावर ताण दिसला तर टेनोफोव्हिरचाच टॅफ नावाचा २५ मिलिग्रॅमचा प्रकार मिळतो.

वहिनी आणि मुलांची एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी अँटिबॉडी) तपासणी करा. निगेटिव्ह असतील आणि संरक्षण नसेल तर लस, ०, १ आणि ६ महिन्यांनी. वहिनीची अँटिबॉडी १० च्या वर येईपर्यंत निरोध वापरायला सांग. लहान मुलांचं लसीकरण कार्ड बघ, पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीत ही लस असते.

आणि तुझी आणि आईचीही तपासणी कर. मोठेपणी लागण झाली तर शंभरातले पंच्याण्णव लोक विषाणू आपोआप झटकून टाकतात. तान्हेपणी झाली तर दहापैकी नऊ जणांत तो मुक्काम ठोकतो. दादाला कधी लागला हे आता कळायचं नाही आणि मी कुणाच्या माथी मारायला सांगत नाहीये. पण आईला असेल तर तिलाही औषध वेळेत मिळेल. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात या तपासण्या आणि गोळ्या सरकारी उपचार केंद्रांत मोफत आहेत. जवळचं केंद्र कुठलं ते जिल्हा रुग्णालयात विचार, आणि जाताना दादाची फाइल घेऊन जा.