मदत हवी आहे: वैचारिक निबंधासाठी शब्द

नमस्कार मंडळी. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे आणि निबंधाच्या पेपरला २५० गुण आहेत. माझं माध्यम मराठी. मुद्दे सुचतात, पण ते जोडायला शब्द कमी पडतात. परवा हमीभावावर निबंध लिहिला, तर सरांनी एकाच पानावरच्या सात 'पण'भोवती लाल गोल केले! शिवाय 'किंबहुना' मी 'किंवा'च्या अर्थाने वापरत होते. त्याचा अर्थ 'इतकंच नव्हे तर' असा आहे, हे तेव्हा कळलं.

'तथापि', 'साहजिकच', 'परिणामी', 'याउलट' एवढे शब्द वहीत लिहून ठेवलेत. खरी अडचण समोरच्याचं म्हणणं मांडून ते खोडताना येते. 'असा आक्षेप घेतला जातो की...' आणि 'हे खरे असले तरी...' यापुढे माझी गाडी सरकतच नाही. अर्धं मान्य करून अर्धं नाकारायचं असेल तर तुम्ही वाक्य कसं सुरू करता? आणि 'सबब', 'एवंच' आज चालतात का, की सरकारी पत्रासारखे वाटतात?

नुसती यादी नको, प्रत्येक शब्दाचं एखादं वाक्य दिलंत तर फार उपकार होतील.