साउइनचा खुला सामूहिक विधी: तीस जण, सव्वा तास. आराखड्यात काय ठेवावं, काय काढावं?

रानवाट

साउइनला (३१ ऑक्टोबर, मृतांच्या स्मरणाचा सण) संध्याकाळी उघड्या मैदानावर खुला विधी घ्यायचा आहे. साधारण तीस जण, त्यांतले निम्मे अशा वर्तुळात पहिल्यांदाच उभे राहणारे. वेळ सव्वा तास. सध्याचा क्रम असा: धुपाने प्रत्येकाचं शुद्धीकरण, वर्तुळ आखणं (विधीपुरती पवित्र जागा बांधून बंद करणं), चार दिशांची आवाहनं, देवी आणि देवाचं आवाहन, प्रत्येकाने आपल्या दिवंगतांचं नाव घेऊन मेणबत्ती पेटवणं, दहा मिनिटांचं मार्गदर्शित ध्यान, सर्पिल नृत्य, केक आणि पेय, मग सगळ्यांना निरोप.

अडचण ही की खुल्या विधींत नेमक्या मधल्या भागात लोक ढेपाळतात आणि नृत्याची वेळ येईपर्यंत जोर उरत नाही. यातलं काय कापू? नृत्य नीट चालवायचं कसं? अनुभवींनी सविस्तर सांगावं.

सातवी_फेरी

आधी हिशेब मांडा. तीस जणांना एकेक करून धूप द्यायला माणशी १५ सेकंद धरले तरी साडेसात मिनिटं. मेणबत्ती आणि नाव, माणशी ४० सेकंद: वीस मिनिटं. एकच चषक फिरवला की पुन्हा सात-आठ मिनिटं. म्हणजे सव्वा तासातली पस्तीस मिनिटं अशी, की त्यांत एक जण काहीतरी करतोय आणि एकोणतीस जण गार हवेत उभे आहेत. तुमची मंडळी ढेपाळतात ती इथे. ध्यान लांबलं म्हणून नव्हे.

याचं कारण जुनं आहे. विक्का या आधुनिक पेगन धर्माचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर यांच्या परंपरेत वर्तुळ नऊ फूट व्यासाचं आणि कव्हन, म्हणजे विधी करणारा गट, फार तर तेरा जणांचा. तिथे एकेकाने पुढे येऊन काही करणं सहज चालतं, कारण सगळे हाताच्या अंतरावर असतात. तीस जण सैल हात धरून उभे राहिले की परीघ साधारण तीस मीटर होतो आणि व्यास साडेनऊ मीटर. तोच विधी तिपटीहून मोठ्या वर्तुळात ताणला तर तुटणारच.

म्हणून पहिलं काम: विधीचा हेतू एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ, 'आपल्या मृतांची नावं घेतो आणि त्यांच्यासाठी नाचतो.' मग प्रत्येक भागाला विचारा, तू या वाक्याचं काय काम करतोस? तुमच्या आराखड्यात नावं, ध्यान आणि नृत्य असे तीन मध्यभाग आहेत. एका विधीला एकच मध्य पुरतो. ध्यान काढा. ऑक्टोबरच्या अंधारात उभ्या-उभ्या डोळे मिटवले की नवखे डुलतात, आणि खोल गेलेल्याला परत आणायलाही वेळ लागतो.

नावांसाठी वर्तुळाच्या कडेला चार जागा करा. प्रत्येक जागी एक मेज, अर्धी वाळू भरलेली पसरट भांडी, आधीच पेटवलेली एक झाकणाची कंदील-ज्योत आणि सांभाळायला एक माणूस. तीस जण चार ठिकाणी वाटले की वाट्याला सात-आठ येतात. सगळं मिळून पाच मिनिटं. बाकीचे त्या वेळात एकच धीमा स्वर धरून राहतील. नावं मोठ्याने सगळ्यांना ऐकू गेलीच पाहिजेत असा आग्रह सोडा. त्या स्वराखाली पुटपुटलेलं नाव जास्त खरं येतं, आणि ज्याला लोकांसमोर बोलायची भीती वाटते तोही बोलतो.

धूप वर्तुळात शिरतानाच द्या, दोन माणसं दोन बाजूंनी. दम्याच्या लोकांसाठी धुराऐवजी मीठ-पाण्याचा शिडकावा ठेवा आणि तसं दारातच सांगा.

तालधरी

सातवी_फेरी यांच्याशी सहमत. नृत्याबद्दल मी लिहितो, कारण तिथे बहुतेक वेळा बिघडतं ते गाण्यामुळे.

जप दोन किंवा चार ओळींचा हवा, पाच-सहा सुरांच्या आत बसणारा. विधी सुरू होण्याआधी, साध्या प्रकाशात, तीनदा म्हणवून घ्या. वर्तुळ आखल्यानंतर शिकवायला गेलात तर तो वर्ग होतो. कागद वाटू नका: अंधारात वाचता येत नाही, आणि हातात कागद असला की हात धरता येत नाहीत.

सूर बराच खाली सुरू करा, तुम्हाला स्वतःला किंचित अडचणीचा वाटेल इतका खाली. जोर वाढला की जमाव आपोआप वर सरकतो. मध्यम पट्टीत सुरुवात झाली तर तिसऱ्या मिनिटाला निम्म्यांचे गळे संपतात, ते गप्प होतात आणि उरलेल्यांना वाटतं उतार आला.

दुसरी चूक म्हणजे ढोल. ढोलवाल्याला वेग वाढवायचा मोह होतो, आणि वेग वाढला की शब्द तुटतात, पावलं तुटतात, जोर मात्र वाढत नाही. ताल मिनिटाला साधारण शंभर ठोक्यांवर बांधून ठेवा आणि वाढवायचा तो आवाज. ढोलवाल्याची नजर फक्त विधी चालवणाऱ्यावर. एकापेक्षा जास्त ढोल असतील तर एकच मुख्य. बाकीच्यांनी त्याच्या खाली वाजवायचं. माणसांचा आवाज ढोलापेक्षा कमी ऐकू येऊ लागला तर ढोलाचा आवाज कमी करा, लोकांना ओरडायला सांगू नका.

जप जाणणारे चार-पाच जण वर्तुळात विखरून उभे करा. एकत्र उभे राहिले की तो वृंद होतो आणि बाकीचे श्रोते. विखुरलेले असले की प्रत्येक नवख्याच्या आसपास एक भक्कम आवाज असतो.

शिखराबद्दल: पहिला चढ बहुधा खोटा असतो. दोन-तीन मिनिटांत आवाज एकदम वाढतो आणि लगेच किंचित खाली येतो. अनेक जण तिथेच हात वर करून संपवतात. थांबा. त्या उतारात जप चालू ठेवा, त्यातून दुसरा चढ येतो तो टिकाऊ असतो. पाच ते सात मिनिटांत शब्द आपसूक गळून नुसता स्वर उरतो. तो फुटण्याच्या बेताला आला की हात वर, ढोल बंद, पूर्ण शांतता. शांततेत तीन-चार श्वास जाऊ द्या. ताबडतोब बोलायला लागलात तर सगळं सांडतं.

ओकछाया

वरचं सगळं पटलं, पण एक मूळ मुद्दा वेगळा मांडते. निम्मे नवखे असताना वर्तुळ आखायचंच कशाला?

बंद वर्तुळाचा नियम असा की मध्येच बाहेर जायचं तर दार कापून द्यावं लागतं. खुल्या विधीत कोणाला लघवीला जायचं असतं, कोणाचं मूल रडतं, कोणी उशिरा येतं. दर वेळी कोणीतरी अथेमी (विधीचा सुरा) घेऊन धावणार का? आयझॅक बोनविट्स यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या आर नद्रीअख्त फेन (एडीएफ) या ड्रुइड संघटनेचे विधी पहिल्यापासून लोकांना खुले आहेत आणि त्यात वर्तुळ आखलंच जात नाही. मध्य पवित्र करायचा, कड नाही: अग्नी, विहीर आणि वृक्ष. आधी पृथ्वीमातेला मान, मग या तिघांची स्थापना, द्वारपाल देवतेच्या मदतीने दारं उघडणं, मग पूर्वज, निसर्गातल्या शक्ती आणि देवता यांना आवाहन आणि अर्पणं, कौल पाहणं, आशीर्वादाचं पेय, आणि उलट क्रमाने आभार. साउइनला यातली पूर्वजांची जागा आपोआप मोठी होते.

चार दिशा ठेवायच्याच असतील तर प्रत्येक आवाहन तीन वाक्यांत संपवा. आणि उभं राहण्याची जागा बदला. पूर्वेला आवाहन करणारा पूर्वेच्या कडेला उभा राहून बाहेर बघत बोलला, तर त्याचा आवाज मैदानात जातो आणि तीस जणांना पाठ ऐकू येते. त्याला पश्चिमेच्या कडेला उभं करा, तोंड पूर्वेकडे. आवाज सगळं वर्तुळ ओलांडून जातो.

आणखी एक. ज्याला बोलावलं त्याला निरोप द्यायचाच, नावाने, उलट्या क्रमाने. ही यादी एका माणसाकडे द्या. शेवटी सगळे दमलेले असतात आणि एखादी दिशा हटकून राहून जाते.

रानवाट

खूप आभार. ध्यान काढलं, चार मेजं पक्की. वर्तुळ मात्र ठेवतोय; आमच्या गटाची घडण विक्काची आहे आणि लोक त्याच ओढीने येतात. ड्रॅगनची, म्हणजे वर्तुळाच्या कडेवरच्या राखणदाराची, भूमिका दोघांना देईन म्हणजे ये-जा तेच सांभाळतील. आता दोन प्रश्न: मध्यभागी कढईत आग ठेवायची होती, ती सर्पिल नृत्यात चालेल का? आणि नृत्य संपल्यावर लोक भारावून तसेच उभे राहतात, त्यांना खाली कसं आणायचं?

सातवी_फेरी

आग मध्यभागी नको. सर्पिलात मध्य मोकळा लागतो, कारण पुढारी तिथेच वळतो. रचना अशी: सगळे हात धरून मध्याकडे तोंड करून उभे. पुढारी आपल्या डाव्या हाताचा माणूस सोडतो आणि डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, चालत हळूहळू आत वळत जातो. मध्याजवळ पोचला की उलटा फिरतो आणि आत येणाऱ्या रांगेच्या शेजारून बाहेर निघतो. त्या वेळी प्रत्येक जण प्रत्येकाच्या समोरून जातो, चेहरा चेहऱ्यासमोर येतो, आणि साउइनला हाच या नृत्याचा गाभा आहे. १९७९ पासून सॅन फ्रान्सिस्कोत रिक्लेमिंग या पेगन गटाच्या साउइन विधीत हे नृत्य मोठ्या जमावाने होत आलं आहे, म्हणजे माणसांची संख्या हा अडथळा नाही.

अडथळा असतो जागेचा. आत जाणारी आणि बाहेर येणारी अशा दोन रांगा शेजारी मावायला हव्यात, म्हणून पहिल्या वेढ्यापासूनच दोन वेढ्यांत दोन माणसं आरामात जातील इतकं अंतर सोडा. तीस जणांना कमीत कमी दहा मीटर व्यासाची सपाट जमीन हवी. खड्डे, मुळं, तंबूचे दोर दिवसाउजेडी तपासा. वेग पुढारी ठरवतो, पण त्रास शेपटाला होतो: पुढचा भरभर चालला की शेवटचे दहा जण फरफटतात आणि वळणावर हात सुटतात. साधी चाल ठेवा. शेपटाला एक जाणता माणूस हवाच. गुडघे दुखणाऱ्यांना, चाकाच्या खुर्चीवाल्यांना मेजांजवळ बसवून जप धरायला द्या. त्यांचा आवाज नाचणाऱ्यांना आधार देतो, कारण नाचणाऱ्यांचा श्वास पुरत नाही.

आग उत्तर कडेबाहेर, नृत्याच्या वाटेपासून तीन मीटर तरी लांब. कढईत एप्सम सॉल्ट आणि ९१ टक्के किंवा अधिक तीव्रतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल सम प्रमाणात घालतात. पहिल्यांदा अर्धा कप-अर्धा कप पुरे. भांडं जाड ओतीव लोखंडाचं, खाली विटा. लांब काडीने पेटवा. ज्योत विझल्यासारखी दिसली तरी वरून अल्कोहोल ओतायचं नाही. विझत आलेली ज्योत सहज दिसत नाही, आणि ती धारेवरून थेट बाटलीत चढू शकते. पुन्हा पेटवायची असेल तर दुसरी तयार कढई ठेवा. भांड्यावर बसणारं धातूचं झाकण, एक बादली पाणी, आणि लांब बाह्यांचे पॉलिएस्टरचे झगे घातलेल्यांना आगीपासून दूर. आगीची जबाबदारी ज्याच्याकडे, त्याला त्या संध्याकाळी दुसरं कुठलंही काम नको.

तालधरी

खाली आणण्याबद्दल. शिखरानंतरच्या शांततेतच सांगा: 'गुडघे टेका, तळवे जमिनीला लावा, जे जास्त आहे ते खाली जाऊ द्या.' स्वतः आधी टेका, शब्दांपेक्षा बघून लोक लवकर करतात. ज्यांना टेकता येत नाही त्यांनी तळपाय दाबून उभं राहावं. एक मिनिट पुरतं, पण गाळू नका. गाळलं की लोक घरी गेल्यावर रात्रभर जागे राहतात, किंवा गाडी चालवताना भान नसतं.

लगेच खाणं. केक आणि पेय हा या कामाचाच भाग आहे, म्हणून तो निरोपाच्या आधी असतो. एक चषक फिरवू नका. लहान कप भरलेले चार ताटं चार बाजूंनी एकदम निघू देत. मद्य आणि बिनमद्य वेगळ्या रंगाच्या कपांत, आणि केकमध्ये काय आहे ते ताट धरणाऱ्याला पाठ असू दे: गहू, दूध, अंडी, सुका मेवा. काहीतरी खारट ठेवा.

साउइनला दोन-तीन जण रडतातच. त्यासाठी एक माणूस नेमा. त्याने जवळ जाऊन बसायचं, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि निरोप झाल्यावर लगेच निघून जायचं नाही.

ओकछाया

तालधरींना पुस्ती: हात धरणं, मिठी, धुपाच्या वेळी अंगाजवळ येणं, या प्रत्येकाला नकार कसा द्यायचा ते सुरुवातीच्या दोन मिनिटांच्या सूचनांत सांगा. छातीवर हात जोडून ठेवले की 'मला नको', इतकी सोपी खूण. त्याच सूचनांत विधी किती वेळ चालेल आणि मध्येच बाहेर पडायचं असेल तर कोणत्या ड्रॅगनकडे जायचं तेही सांगा. आणि त्या दोघांना ओळखीचं काहीतरी घाला, लाल पट्टा किंवा कंदील. अंधारात नवख्याला चेहरे आठवत नाहीत.