दसऱ्याच्या सकाळी मॅच कुठे गेली? एक टीव्ही, तीन ॲप आणि आमचे सासरे

रंकाळावेस

नमस्कार मंडळी. 2025 च्या दसऱ्याला, 2 ऑक्टोबरला, सासऱ्यांनी आंघोळ-पूजा लवकर उरकली आणि साडेनऊला टीव्हीसमोर बैठक मारली. अहमदाबादला वेस्ट इंडीजबरोबर कसोटी सुरू होणार होती. चारच दिवसांपूर्वी, रविवारी, आशिया चषकाची फायनल त्यांनी सोनी लिव्हवर बघितलेली. तिलक वर्मानं पाकिस्तानविरुद्ध सामना काढून दिला तेव्हा रात्री बारालाही टक्क जागे होते. आता त्याच ॲपवर ते कसोटी शोधत होते.

मी आत चक्का फेटत होते. अर्ध्या तासानं बाहेर आले तर चष्मा कपाळावर, रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरलेला, आणि पडद्यावर शोधायच्या चौकटीत इंग्रजी 'इंडिया'ची तीनच अक्षरं उमटलेली. मला म्हणाले, "माझ्याकडनं काहीतरी दाबलं गेलं बघ. मॅच गेली."

मॅच कुठेच गेली नव्हती. ती जिओहॉटस्टारवर होती आणि तिथलं आमचं पॅक आयपीएलनंतर संपलेलं. पण ज्या माणसानं रेडिओवर बाळ पंडितांचं समालोचन ऐकत क्रिकेट डोळ्यांसमोर उभं केलं, त्याला स्वतःचीच चूक झाली असं वाटावं, हे मला फार लागलं. सणाचा दिवस म्हणून मुकाट्यानं तीन महिन्यांचे 299 भरले.

मुलगा नववीत आहे. कोल्हापूरचा पोरगा म्हणजे फुटबॉल आलाच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील असो की दिलबहार, हा हजर. त्याला युरोपातली चॅम्पियन्स लीग हवी, ती सोनीवर. इंग्लंडची प्रीमियर लीग हवी, ती जिओहॉटस्टारवर. आणि 2025-26 च्या मोसमापासून स्पेनची ला लीगा फॅनकोडवर आली. म्हणजे बार्सिलोना स्पेनमध्ये खेळली तर एक ॲप, युरोपात खेळली तर दुसरं! 26 ऑक्टोबरला रिआल माद्रिदबरोबरची त्यांची मॅच बघायला तो मित्राच्या घरी गेला. परत आला तेव्हा हरल्याचं दुःख होतंच, पण "आई, त्यांच्याकडं सगळं आहे" हेही म्हणाला.

मी पतसंस्थेत काम करते, हिशोबाची सवय आहे. जिओहॉटस्टारचं दोन डिव्हाइसवालं वर्षाचं 2025 मध्ये 899 होतं, सोनी लिव्हचं 1,499. हे झाले 2,398. फॅनकोड वेगळं, वायफायचं बिल वेगळं. केबल अजून चालू आहे, कारण सासूबाईंच्या मालिका. भर म्हणजे, एका ॲपचं पॅक एकाच महिन्यापुरतं घेतलं होतं, तर दुसऱ्या महिन्यालाही खात्यातनं पैसे कापले गेले. कुठलं ॲप ते लिहीत नाही.

2022 चा फुटबॉल वर्ल्ड कप आम्ही जिओ सिनेमावर फुकट बघितला. 2023 ची आयपीएलही फुकट, तीही मराठी समालोचनासकट. फुकटच हवं असा माझा हट्ट नाही. पण म्हाताऱ्या माणसाला सापडेल आणि पोराला बघता येईल, असं तुम्ही घरी कसं जमवलंय?

मुलाच्या मित्रानं टेलिग्रामवरची चोरट्या प्रक्षेपणाची लिंक दिली होती. ती मी काढून टाकायला लावली. तसले उपाय सुचवू नका.

छत्रीवाला_विटा

ताई, सासऱ्यांचं काम सोपं आहे. डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची स्वतःची फुकट डीटीएच, लावा. मी गेली बारा वर्षं हेच काम करतो. छत्री, बॉक्स, वायर मिळून साधारण दीड-दोन हजार एकदाच लागतात, महिन्याला काही नाही.

2007 चा कायदा आहे. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून सरकारनं ठरवलेले सामने कोणत्याही कंपनीनं विकत घेतले, तरी त्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावं लागतं. भारताच्या पुरुष संघाचे वनडे आणि टी-ट्वेंटी त्यात येतात. आयपीएल येत नाही. कसोटी सगळ्या येतीलच असं नाही, तेवढं सासऱ्यांना आधी सांगून ठेवा.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण निम्मी गिऱ्हाइकं इथंच चुकतात. तुमच्या केबलवर डीडी स्पोर्ट्स दिसत असेल, पण मॅचच्या वेळी त्यावर दुसरंच काहीतरी लागतं. सुप्रीम कोर्टानं 2017 साली निकाल दिला की कंपनीकडनं आलेली ती मॅच दूरदर्शननं फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या (साध्या अँटेनाच्या) प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या डीटीएचवर दाखवायची, खासगी केबलवाल्याला द्यायची नाही. त्यामुळे चॅनल तेच, पण मॅच फक्त फ्री डिशवर. लोक केबलवाल्याशी भांडतात. त्याच्या हातात काही नसतं.

कर्वेनगर_२२

ऑटोपेबद्दल लिहितो, कारण मीही दोनदा पोळलोय. पॅक यूपीआयनं घेतलं असेल तर ॲपमध्ये 'रद्द करा' शोधत बसू नका. ज्या यूपीआय ॲपवरून पैसे दिले त्यात ऑटोपे नावाचा भाग असतो, तिथून मॅन्डेटच, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगीच, बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या किमान 24 तास आधी सूचना यावी लागते. ती बहुतेक आलेलीच असते, आपण जाहिरात समजून सरकवून टाकतो.

मी पॅक घेतल्या घेतल्या त्याच मिनिटाला मॅन्डेट बंद करतो. मुदत भरेपर्यंत पॅक चालतं. आणि सगळी ॲप एकदम कधीच घेत नाही. चॅम्पियन्स लीगची बाद फेरी फेब्रुवारीपासूनच रंगते, तेव्हा सोनी घ्या. तसंही युरोपातली घड्याळं हिवाळ्यासाठी मागे गेल्यापासून तिकडच्या रात्रीच्या मॅच आपल्याकडं दीडला सुरू होतात. नववीतल्या पोराला शाळा आहे.

कृष्णाकाठ_सांगली

माझं मत थोडं वेगळं आहे. मी मुलींना क्रिकेट शिकवते. आमच्या काळी महिलांच्या मॅच टीव्हीवर लागतच नसत, स्कोअर दुसऱ्या दिवशी पेपरच्या कोपऱ्यात शोधावा लागे. महिला प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे हक्क 951 कोटींना गेले तेव्हा मला खरोखर आनंद झाला. हक्क विकले गेले म्हणून कॅमेरे आले, मुलींना मानधन आलं. 2 नोव्हेंबरला आम्ही अकादमीच्या भिंतीवर महिला वर्ल्ड कपची फायनल लावली. शेवटचा झेल हरमनप्रीतनं घेतला तेव्हा बारा वर्षांची एक मुलगी पॅड बांधूनच नाचत होती. पॅड घरी जाऊन सोडते म्हणाली. त्या रात्रीसाठी भरलेल्या पैशांचं मला वाईट वाटत नाही.

पण दर कोण ठरवतं, तेही बघायला हवं. आयपीएलचे 2023 ते 27 चे डिजिटल हक्क 23,758 कोटींना गेले. एवढे पैसे गुंतवणारा कायम फुकट दाखवणार नव्हता. जिओ सिनेमा आणि हॉटस्टारवाल्या दोन कंपन्या एकमेकींचे प्रेक्षक ओढत होत्या तोवर आपली चंगळ होती. नोव्हेंबर 2024 मध्ये त्या एक झाल्या, फेब्रुवारी 2025 मध्ये दोन्हींचं एकच ॲप आलं, आणि लगेचची आयपीएल पैसे भरून बघावी लागली. क्रिकेटप्रेमी कुटुंबाला दुसरीकडं जायला जागाच उरली नाही. माझी तक्रार तिथं आहे.

रंकाळावेस

सगळ्यांचे मनापासून आभार. कर्वेनगरदादा, काल मॅन्डेट बघितली तर चार निघाली, त्यातलं एक संपलेल्या क्लासचं. चारही बंद केली.

सांगलीच्या ताई, तुमचं पटलं. फायनल आमच्याकडंही सगळे बसून बघत होते, सासूबाईसुद्धा. 299 चं पॅक होतं म्हणूनच बघता आली, हे खरं आहे.

मुलगा सोनी फेब्रुवारीत घ्यायला तयार झाला, फक्त तोवर मित्राच्या घरी जायची परवानगी मागितली. दिली. त्यानं कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर कुठली मालिका कुठल्या ॲपवर ते मोठ्या मराठी अक्षरांत लिहून टीव्हीशेजारी लावलंय. सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं आणि ॲपच्या चिन्हांचे रंगही लिहायला लावले. कसोटी फ्री डिशवर नसेल हे सांगितलं तर म्हणाले, "कसोटीला माझा रेडिओ आहे की."

छत्रीवाले दादा, आमचं छप्पर उतरत्या पत्र्याचं आहे आणि शेजारी तीन मजली इमारत उठलीय, ती नेमकी आग्नेयेला, छत्रीचं तोंड करावं लागतं तिकडंच. छत्री भिंतीला लावली तर चालेल, की गच्चीवाल्या शेजाऱ्यांना विचारू?